मे आला की टाकी हिरवी: खाऱ्या पाण्यातलं शेवाळ आणि त्यावर सोडायचे प्राणी

आधी टाकीजवळ जा आणि नीट बघा. 'शेवाळ' या एका शब्दाखाली आपण सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांवर भरवशाचा प्राणीच नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे ते आधी ठरवा.

- काचेवर दोन-तीन दिवसांत हिरवट धुरकट थर येतो, चुंबकाच्या ब्रशनं सहज पुसला जातो. हा साधा थर. सगळ्यांकडे येतो, आजार नव्हे.
- टाकी दोन महिन्यांच्या आतली आहे आणि वाळूवर, दगडांवर तपकिरी भुकटी पसरलीय. हे डायटम, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शेवाळ.
- दगडांवर हिरवे केस, प्रवाहाबरोबर डोलणारे. हेअर अल्गी.
- तसंच काहीतरी, पण जवळून बघितलं तर प्रत्येक काडी पिसासारखी दोन्ही बाजूंनी फुटलेली. ब्रायोप्सिस.
- चकचकीत हिरवे मणी, साबुदाण्यापासून बोराएवढे. बबल अल्गी.
- लालसर-जांभळी साय, कडेला धरून उचलली तर चादरीसारखी अख्खी निघते, हाताला घाण वास. सायनो.
- तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकांना बुडबुडे. सकाळी कमी, दुपारी भरपूर, रात्री पुन्हा गायब. आणि गोगलगायी एकेक करून मरतायत. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव.

शेवटचं लक्षण जुळत असेल तर प्राणी विकत घेण्याचा विचार आजच सोडा आणि थेट खाली डायनोच्या भागाकडे जा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सोलापुरात अशा टाक्या फार नाहीत, त्यामुळे कुणाची बिघडली की निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, दोन दवाखाने, एक हॉटेल, सगळीकडे तक्रार एकच आणि महिनाही तोच. एप्रिल अर्धा सरला की फोन सुरू. "ताई, गोगलगायी कुठं मिळतील?" मी उलट विचारते, वाफ झालेलं पाणी कशानं भरून काढताय? बहुतेक वेळा तिथंच उत्तर सापडतं. पण क्रमानं जाऊ, फुकटच्या तपासणीपासून.

दिवा आणि खिडकी

दिवा रोज किती तास चालू असतो? 'सकाळी उठल्यावर लावतो, झोपताना बंद करतो' हे उत्तर असेल तर ते पंधरा-सोळा तास होतात. टायमरचा सॉकेट लावा आणि ८ तासांवर आणा. पांढरा आणि लाल रंग वेगळे कमी करता येत असतील तर तेही उतरवा, कारण शेवाळाला तोच उजेड जास्त मानवतो. मग दिवसभर लक्ष ठेवा, टाकीवर कधी ऊन पडतं का. उन्हाळ्यात सूर्य वर सरकला की हिवाळ्यात सावलीत असलेली काच अचानक तासभर तापते. एका घरी टाकीच्या फक्त डाव्या टोकाला केस वाढायचे. पडदा लावला, काम झालं. दोनशे रुपयांचा पडदा.

खाणं

प्राणी जे खातात त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवटी पाण्यातच येतं, म्हणून जास्त खाणं म्हणजे शेवाळाला खत. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका. गोठवलेल्या खाण्याची वडी थेट टाकीत टाकू नका. ती चहाच्या गाळणीत विरघळवा, खालचं पाणी फेकून द्या आणि उरलेलं टाका. दवाखान्यातल्या टाकीत मला कारण सापडायला दोन आठवडे लागले. डॉक्टर दिवसातून एकदा चिमूटभर टाकायचे, पण डबा टाकीवरच ठेवलेला, आणि वेटिंगमध्ये बसलेलं प्रत्येक पोर आपली चिमूट टाकून जायचं. डबा ड्रॉवरमध्ये गेला.

वाफेची भरपाई

सोलापूरचं खरं दुखणं हे आहे, म्हणून इथं जरा थांबते.

पारा ४० च्या वर गेला की आपण टाकीवर पंखे लावतो. पंखा पाणी थंड करतो तो वाफ करूनच. माझ्या टाकीतून एप्रिल-मेमध्ये रोज चार लिटर पाणी उडतं. एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस, म्हणजे २४४ लिटर. टाकीच २०० लिटरची. दोन महिन्यांत अख्ख्या टाकीपेक्षा जास्त पाणी मी वरून ओतते. वाफ होताना फक्त पाणी जातं. त्यात विरघळलेलं बाकी सगळं, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, मागं राहतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत असाल तर पावसाळ्यापर्यंत दोनशे-अडीचशे लिटर पाण्यात विरघळलेला माल तुमच्या टाकीत साठलेला असतो. मग शेवाळानं का येऊ नये?

टीडीएस मीटर घ्या, म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारा. काही शे रुपयांत पेनाएवढा मिळतो. भरपाईच्या पाण्याचं रीडिंग शून्य किंवा शून्याला टेकलेलं हवं. "आमच्याकडे आरओ आहे" हे मला सगळे सांगतात. प्यायच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो. काही मशिनांत वर खनिजांचं कार्ट्रिजही असतं. माझ्या घरच्या आरओचं पाणी ८५ दाखवतं, बोअरचं हजाराच्या वर. ८५ ला पिताना मजा येते, टाकीला नाही. आरओच्या पुढं डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांचा डबा जोडावा लागतो. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी सुटतं, म्हणून रीडिंग शून्यावरून १-२ झालं तरी रेझिन बदला. डायटम सिलिकेटवरच वाढतात, त्यामुळे जुन्या टाकीत अचानक तपकिरी भुकटी परत आली तर मी आधी रेझिन बघते.

एसीचं पाणी डिस्टिल्ड समजून टाकणारे दोघं भेटले. ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून ओघळत येतं. तांबं माशांच्या औषधातही वापरतात, पण गोगलगायी, खेकडे आणि अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) यांना ते थोडंसुद्धा सोसत नाही. त्या दोघांपैकी एकाच्या टाकीत सोडलेली प्रत्येक गोगलगाय आठवड्यात मरायची आणि तो विकणाऱ्याला शिव्या घालायचा.

भरपाई नेहमी गोड्या पाण्यानं, मिठाच्या नव्हे. मीठ उडालेलंच नसतं. घनता १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवा.

प्रवाह आणि फिल्टर

फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) किंवा स्पंज चार दिवसांच्या वर ठेवू नका. अडकलेली घाण तिथंच कुजते आणि पाण्यात परत जाते. दगडांमागं जिथं पाणी हलत नाही तिथंच सायनो बसतो. पंपाचं तोंड फिरवून बघा. एवढंच.

टेस्ट किट

आता पैसे लागतात. नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही मोजा. नायट्रेट साधारण २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असेल तर मी समाधानी असते. इथं एक फसगत होते. टाकी हिरव्या केसांनी भरलेली आणि फॉस्फेट शून्य. किट खोटं नसतं. शेवाळ ते येईल तसं गिळत असतं, म्हणून पाण्यात सापडत नाही. शिवाय जुने दगड फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतात. म्हणून सगळं सुधारल्यावरही महिना-दीड महिना फरक दिसत नाही. बरेच जण तिथंच धीर सोडतात.

फॉस्फेट जास्त आलं तर लोहयुक्त मीडिया (फॉस्फेट शोषून घेणारे दाणे) वापरा, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेनं सुरू करा. एकदम शून्यावर आणलंत तर हिरवं जाऊन डायनो येतात, आणि मग हिरवंच बरं होतं असं वाटायला लागतं.

आधी हात, मग तोंड

प्राणी सोडण्यापूर्वी लांब शेवाळ हातानं उपटा. गोगलगायीची जीभ खरवडायची असते. तिला कोवळा, आखूड थर लागतो. तीन इंच वाढलेले केस म्हणजे तिच्यापुढं टाकलेली कडब्याची पेंढी. त्यावरून ती चढून जाईल, खाणार नाही. दगड बाहेर काढता येत असेल तर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत धरून दात घासायच्या ब्रशनं घासा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, झुबक्यानं वाढणारे प्रवाळासारखे जीव) असलेला दगड घासू नका आणि कुठलाही दगड उकळू नका. का ते शेवटी सांगते.

आणि हेही बघून ठेवा: गोगलगायीनं खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन त्याच टाकीत पडतं. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसानं घाण काढणारं यंत्र) आणि सॉक ते उचलून बाहेर काढत नसतील तर तुम्ही फक्त खताची जागा बदललीत.

आता प्राणी

एवढं सगळं झाल्यावरही शेवाळ राहिलं तर प्राणी. निवडताना मी दोन प्रश्न विचारते. हे शेवाळ तो खातो का? आणि शेवाळ संपल्यावर तो काय खाणार?

काच आणि दगडांवरच्या साध्या थराला ट्रोकस गोगलगायीसारखी दुसरी नाही. शंकूसारखा शंख, उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रियाही खाते छान, पण उलटी पडली की पडलीच, आणि खेकडे तिला तशीच फस्त करतात. रोज सकाळी उलट्या पडलेल्यांना सरळ करायला तयार असाल तरच घ्या. सेरिथ लहान असतात, रात्री बाहेर येतात, वाळूतही घुसतात, डायटमवर चांगल्या. टर्बो सगळ्यात खादाड, केसही खाते, पण ती बुलडोझरसारखी चालते आणि न चिकटवलेलं प्रवाळ ढकलून देते. मेक्सिकन टर्बो तर मुळात थंड पाण्याची. आपल्याकडे मे महिन्यात टाकी २९-३० अंशांवर जाते, त्यात ती फार टिकत नाही. नॅसेरियस 'क्लीनर' म्हणून शेवाळासाठी विकतात. ती शेवाळ खात नाही, वाळूत लपून मांसाचे उरलेले तुकडे शोधते. वाईट नाही, पण या कामाची नाही.

किती? दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्या. २०० लिटरला मी आठ-दहा ट्रोकस आणि पाच-सहा सेरिथ सांगते, त्याही दोन टप्प्यांत. एकदम चाळीस सोडल्या तर पंधरा दिवसांत काच लख्ख होते आणि महिन्याभरात तीस उपाशी मरतात. एक मोठी गोगलगाय कोपऱ्यात कुजली तरी लहान टाकीत अमोनिया चढतो. हललेली दिसत नसेल तर उचलून वास घ्या. मेलेलीचा वास विसरणार नाही.

निळ्या पायांचे हर्मिट क्रॅब बघायला गोड, पण मोठं घर हवं झालं की गोगलगायीला मारून तिचा शंख घेतात. ठेवायचेच असतील तर रिकामे, थोडे मोठे शंख आत टाकून ठेवा. गणपतीपुळ्याहून आणलेले वॉर्निश केलेले शंख नकोत.

बबल अल्गीवर एमराल्ड क्रॅब. आपल्याकडे क्वचित मिळतो. मिळाला तर लहान घ्या, मोठा झाल्यावर प्रवाळाला चिमटे काढतो. तोवर मणी न फोडता एकेक करून सायफनच्या नळीनं ओढून काढा.

हेअर अल्गीचं रान माजलं असेल तर सी हेअर. हा मऊ, हाताच्या तळव्याएवढा, शंख शरीराच्या आत असलेला जीव अक्षरशः गायीसारखा चरतो. पण शेवाळ संपलं की उपाशी मरतो, घाबरला की जांभळी शाई सोडतो, आणि पंपाच्या तोंडात ओढला गेला तर सगळी टाकी धोक्यात येते. म्हणून पंपांना जाळी लावल्याशिवाय तो आणू नका आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन तयार ठेवा. आम्ही चौघांनी मिळून एक घेतला होता. महिनाभर एकाकडे, मग बादलीतून दुसऱ्याकडे. "पाहुणा कुठवर आलाय बे?" असं एकमेकांना विचारायचो. तिसऱ्या घरी पंपाची जाळी निसटली आणि तो गेला. माझ्या मते सी हेअर एकट्यानं विकत घ्यायचा प्राणी नाहीच.

टक्सिडो अर्चिन चिवट, घट्ट बसलेल्या शेवाळावर उत्तम. तो गुलाबी कोरलाइन, म्हणजे दगडावरचं हवंहवंसं कडक शेवाळही खरवडतो आणि सैल वस्तू पाठीवर घेऊन फिरतो, माझा थर्मामीटर दोनदा नेलाय. अर्चिन काय करू शकतात हे कॅरिबियन समुद्रात दिसलं. तिथले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन १९८३-८४ मध्ये साथीनं जवळजवळ साफ झाले आणि अनेक ठिकाणी प्रवाळांवर शेवाळाचं राज्य आलं. पण लांब काट्यांचा अर्चिन लहान टाकीत नको. काटा बोटात मोडतो.

मासे. लॉनमोवर ब्लेनी शंभर-सव्वाशे लिटरपासून चालतो, दगडावरचा थर खरवडत बसतो, चेहरा सतत वैतागलेला. पोट खपाटीला गेलं की समजा चारा संपला. मग बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) क्लिपला लावून द्या. टँग जातीचे मासे शेवाळ भरपूर खातात, पण त्यांना पोहायला चार फूट तरी लांबी लागते, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ते घरात आणतात. वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवल्याशिवाय सोडू नका. फॉक्सफेस हिरव्या केसांवर चांगला, त्यालाही मोठी टाकी हवी, आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी. जाळीतून काढताना टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा. क्लाउनफिश शेवाळ साफ करत नाही. विचारतात लोक, म्हणून सांगितलं.

ब्रायोप्सिस, सायनो आणि डायनो यांच्यासाठी भरवशाचा प्राणी नाही. सायनो तर बॅक्टेरिया आहे. तो नळीनं ओढून काढायचा आणि प्रवाह व खाणं सुधारायचं.

आणि सी कुकंबर, म्हणजे समुद्रकाकडी. 'वाळू साफ करतो' म्हणून कुणी देऊ केला तर घेऊ नका. सगळे सी कुकंबर वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून संरक्षित आहेत. प्रवाळ आणि समुद्रघोड्यांचंही तेच. मालवणला सहलीला गेल्यावर खडकावरनं जिवंत काही उचलून आणण्याचा मोह आवरा. कायदा बाजूला ठेवला तरी काय सोबत आणताय ते तुम्हाला कळणार नाही.

घरी आणताना

आपल्याकडे माल मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं येतो. पिशवी आठ-दहा तास बंद, पाण्याची घनता तुमच्यापेक्षा वेगळी. आधी पिशवीतली घनता मोजा. तापमान सारखं होईपर्यंत पिशवी तरंगत ठेवा. मग गोगलगायी आणि अर्चिन यांना सलाइनच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब टाकीचं पाणी द्या, तास-दीड तास. यांना खारटपणातला एकदम झालेला बदल झेपत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्या बहुतेक गोगलगायी इथंच मेलेल्या असतात. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. आणि टाकीत पूर्वी कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर आधी तांब्याची टेस्ट.

डायनोचा संशय असेल तर

थोडे धागे टाकीतल्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात धागे परत जुळले तर बहुधा डायनो. मी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली बघते, ४०० पटीवर ते वळवळताना दिसतात. तुम्ही कुठल्याही कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विनंती करू शकता. डायनोत पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट, फॉस्फेट शून्य असेल तर थोडं वाढवा आणि टाकी तीन दिवस पूर्ण झाकून ठेवा. जे डायनो रात्री पाण्यात उतरतात त्यांच्यावर यूव्ही दिवा चालतो. वाळूतच राहणाऱ्यांवर नाही, म्हणून जात ओळखल्याशिवाय यूव्हीवर खर्च करू नका. यातल्या काही जाती विषारी असतात. गोगलगायी त्यानंच मरतात, आणि तुम्ही नव्या आणून सोडत राहता.

कुठं थांबायचं

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर सगळे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. खारं पाणी आणि फुटलेला हीटर हा प्रयोग करण्याचा विषय नाही. टाकीच्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच भेटीत बसवून घ्या.

दगड घासताना किंवा उकळताना ताप, छातीत दडपण, तोंडाला कडू चव किंवा डोळ्यांची आग झाली तर खोली सोडा, घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा आणि थेट हॉस्पिटलला जा. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. डॉक्टरांना हा शब्द सांगा, कारण त्यांनी हा प्रकार पाहिलेला असेलच असं नाही.

मासे पृष्ठभागावर धापा टाकत असतील, एका दिवसात दोन-तीन प्राणी गेले असतील, किंवा सिलिकॉनच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर शेवाळ विसरा. अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, यूट्यूबवरचा उपाय, काहीही ओतू नका. हवेचा पंप लावा, मीठ मिसळलेलं तयार पाणी असेल तर थोडं बदला आणि मरीन टाक्या सांभाळणाऱ्या माणसाला फोन करा. सोलापुरात तो बहुधा पुण्याहून येईल, येण्याचे पैसे घेईल. सगळ्या तपासण्या करूनही दोन महिन्यांत केस कमी झाले नाहीत, किंवा पिसांचं ब्रायोप्सिस दगडभर पसरलं, तरीही त्यालाच बोलवा.

तो फोनवर विचारेल ते आधीच लिहून ठेवा: निळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात काढलेले फोटो, घनता, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट, दिवा किती तास, गेल्या महिन्यात काय काय ओतलं, आणि भरपाईच्या पाण्याचं टीडीएस. शेवटचा आकडा शून्याच्या वर असेल तर त्याला गाडीत बसवण्याआधी एकदा रेझिन मागवून बघा.